आमचा आवाज डोंगरापलीकडे नेणारे सुळे सर

आदरणीय अच्युतराव सुळे सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहाल का, असे संपादकांनी विचारले तेव्हा मी आधी नाही म्हटले. मी आरोग्यसेविका. माझे लिखाण म्हणजे लसीकरणाची नोंदवही. पण मग वाटले, सरांबद्दल एक गोष्ट अशी आहे की ती मी नाही लिहिली तर कुणी लिहिणार नाही, कारण त्या दिवशी डोंगराच्या त्या बाजूला सरांना ओळखणारी मी एकटीच होते.

सरांची आणि माझी पहिली भेट पेणला झाली. पावसाळ्यापूर्वीच्या तयारीसाठी तालुक्यातल्या आम्हा आरोग्यसेविकांना आणि आशाताईंना बोलावले होते. भाषणे चालली होती, पंखे फिरत होते, आम्ही मागच्या रांगेत डुलक्या घेत होतो. तेवढ्यात पांढऱ्या शर्टातले एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे राहिले. नागोठण्याजवळच्या कंपनीत यंत्रांची मोजमापे सांभाळण्याच्या कामावर आयुष्यभर शिफ्ट करून ते निवृत्त झाले होते, राहायला रोह्याला होते, आणि छंद म्हणून हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोक सरकारी परवाना घेऊन वापरतात तो बिनतारी संच, चालवत होते. त्यांच्या हातात मुठीत मावतील असे दोन वॉकीटॉकी होते. माझ्या शेजारची म्हणाली, "ह्यो पोलीस हाय का?" आम्ही हसलो.

सरांनी ते ऐकले. रागावले नाहीत. म्हणाले, "मी पोलीस नाही. मला एवढंच सांगा, तुमच्यापैकी कुणाच्या वाडीवर मोबाईलला रेंज नाही?"

दहा-बारा हात वर गेले. माझाही. सरांनी प्रत्येकीला वाडीचे नाव विचारून वहीत लिहून घेतले. असे लिहून घेणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते. पण तिसऱ्या दिवशी सकाळी मी उपकेंद्र उघडते तो सर पायरीवर बसलेले. "म्हात्रेबाई, तुमची करंजवाडी दाखवता का?" असे त्यांनी विचारले. पिशवीत पाण्याची बाटली, दोन रेडिओ आणि ती वही.

त्या दिवशी आम्ही ओढ्यावरचा साकव ओलांडून करंजवाडीला गेलो. वाडी म्हणजे तिन्ही बाजूंनी डोंगराने कवटाळलेला एक खोलगट तुकडा. सरांनी रेडिओवर पेणच्या आपल्या हॅम मित्राला हाक मारली, नुसती खरखर. मग ते मला वाडीत थांबवून, वाडीमागची खिंड एकटे चढून गेले आणि तिथून पेणशी बोलून आले. उतरल्यावर त्यांनी मला जे समजावले ते आजही तसेच आठवते.

हॅम रेडिओला बोलायला वेगवेगळे पट्टे असतात. सरांच्या हातातल्या एका रेडिओत अशी सोय होती की एका पट्ट्यावर जे ऐकू येईल ते तो त्याच क्षणी दुसऱ्या पट्ट्यावर स्वतःच बोलून टाकतो, आणि तिकडचे उत्तर इकडे. त्याला क्रॉसबँड रिपीट म्हणतात. "म्हणजे बघा," सर म्हणाले, "तुम्ही खाली वाडीत. पेण डोंगरापलीकडे. दोघांचं एकमेकांना ऐकू येत नाही. पण खिंडीत ठेवलेल्या या रेडिओला दोघंही दिसतात. तुम्ही बोललात की तो पेणला बोलेल."

"मग तुम्ही खिंडीत बसून तोंडी सांगितलं तरी चालेल ना, सर?" मी विचारले.

सरांनी रेडिओ पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "चालत नाही."

त्याचे कारण मला पुष्कळ महिन्यांनी कळले. ते इथे लिहिण्याआधी मी सरांची परवानगी घेतली आहे. एका मोठ्या पुरात सर रोह्याच्या घरी रेडिओपाशी होते. अंबा नदीच्या काठचा त्यांचा एक हॅम सहकारी पाण्यात अडकलेल्या घरांची माहिती देत होता. त्याचा आवाज फक्त सरांपर्यंत पोहोचत होता, बोटवाल्यांपर्यंत नाही. म्हणून सर ऐकत आणि पुढे सांगत. खूप वेळ हे चालले. दमलेल्या कानांनी एकदा त्यांनी "वरची आळी" ऐकले आणि पुढे तसेच सांगितले. होती खालची आळी. बोट वर गेली, शोधून परत आली, मग खाली गेली. माळ्यावर चढून बसलेले एक वृद्ध जोडपे होते. बोट पोहोचली तेव्हा आजोबा होते, आजी राहिल्या नव्हत्या.

"त्या आधीच गेल्या असतील, सर," मी म्हणाले होते.

"असतील," सर म्हणाले. "पण बोलणं माझ्या तोंडातून गेलं आणि वाटेत बदललं. मधे माणूस नको. ज्याचं त्याचं बोलणं ज्याच्या त्याच्या आवाजात जायला हवं."

हे छापू का, असे मी परवा विचारले तेव्हा म्हणाले, "छापा. फक्त दोष पावसावर ढकलू नका."

त्यानंतर सरांनी मला हॅम रेडिओच्या परीक्षेला बसवले. बारावीनंतर विजेचा संबंध मी फक्त बिलापुरता ठेवला होता. रविवारी रोह्याला त्यांच्या घरी जायचे. जेवणाच्या टेबलावर सर प्रश्न विचारायचे, आणि मी अडखळले की सुलभाताई आतून गरम घावणे घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "आधी खाऊ द्या तिला, मग घ्या फैलावर." मी पास झाल्याचे कळले त्या दिवशी सरांनी मला परवान्याच्या अटी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावल्या. परवाना नसलेल्याच्या हातात बटण द्यायचे नाही. नुसत्या गप्पांसाठी पट्टा अडवायचा नाही. आणि खिंडीत किंवा गच्चीवर रेडिओ ठेवून निघून जायचे नाही, ज्याने ठेवला त्याने शेजारी बसायचे. कुणी तक्रार केली की इतका वेळ नुसते बसून कंटाळा येतो, तर सर म्हणायचे, "कंटाळा येणाऱ्याने कॅरम खेळावा."

सर रागावतात, हे मान्य करायला हवे. बटण दाबल्या दाबल्या बोलायला सुरुवात केली की ते फार चिडतात. मधला रेडिओ जागा व्हायला क्षणभर घेतो आणि तेवढ्यात आपला पहिला शब्द गिळला जातो. "दाबा, एक श्वास घ्या, मग बोला," हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवले आहे की आता फोनवरसुद्धा मी आधी श्वास घेते.

पण रागावण्यामागची त्यांची तळमळ आमच्या खारेपाटातही लोकांनी पाहिली. माझे माहेर खाडीकाठचे, वडील मिठागरात कामाला आणि घरची थोडी खारजमीन. एका उधाणाला गावच्या बांधाला खांड पडली. माणसे दोन टोकांना विभागली गेली, मधे पाणी. सर शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढून रेडिओ घेऊन बसले. बांधाच्या एका टोकाला मी होते, दुसऱ्या टोकाला आमचे पेणचे हॅम मित्र विलास ठाकूर. कुठल्या टोकाला माती हवी, कुठे माणसे हवीत, हे आम्ही थेट एकमेकांशी बोलत होतो. खांड बांधून झाली. दुसऱ्या दिवशी माझ्या आईने विचारले, "काय गो, काल दिसभर त्या डब्याशी काय बोलत व्हतीस?" मी सांगितले, डब्याशी नाही, टाकीवरच्या सुळे सरांमुळे विलासशी. आई म्हणाली, "मंग त्यांना जेवाया का नाय आणलंस?" आईच्या हातचे जिताड्याचे कालवण खायला सर नंतर खास आले, आणि काट्यांना घाबरत घाबरत सगळे संपवले.

आता करंजवाडीचा तो दिवस.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सर एकाहत्तर वर्षांचे होते. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. करंजवाडीतली जाई नावाची मुलगी पहिलटकरीण होती, दिवस भरायला पंधरवडा होता. तिला आधीच खाली आणून ठेवावे म्हणून मी सकाळी लवकर वाडीवर गेले. घरात शिरते तर तिच्या कळा सुरू झालेल्या. डोलीची तयारी करायला सांगितली, इतक्यात वाडीतला एक जण ओरडत आला, "बाय, साकव गेला! आत्ताच गेला!" मी ज्यावरून तासाभरापूर्वी आले होते तो साकव ओढ्याने नेला होता.

पिशवीत रेडिओ होता. मी पेणला हाक मारली. खरखर. पुन्हा मारली. खरखर. पावसाळ्यात रोज सकाळी नऊला आणि अकराला आम्ही सगळे रेडिओवर हजेरी देतो, आणि दोन्ही हजेऱ्या चुकल्या तर ज्याला जमेल त्याने शोध घ्यायचा, असे ठरलेले होते. करंजवाडीसाठी वेगळे ठरले होते. तिथे असेन तर मी दुसरा, खिंडीकडचा पट्टा उघडा ठेवून वाट पाहायची. मी रेडिओ त्या पट्ट्यावर लावून दाराच्या चौकटीला टांगला. खरे सांगते, आशा नव्हती. एवढ्या पावसात कोण येणार?

साडेबाराच्या सुमारास जाई बाळंत झाली. मुलगी झाली, रडली, रंग छान. मी इंजेक्शन दिले. वार पडली, पूर्ण पडली. सगळे रीतसर झाले आणि मग रक्त थांबेना. पोटावरून हाताने चोळले, गर्भाशय घट्ट व्हायचे आणि पुन्हा सैल पडायचे. सलाईन लावले. जिभेखाली गोळ्या ठेवल्या. जाईचे ओठ पांढरे पडायला लागले. तिची सासू तिच्या डोक्याशी बसून तिला हाका मारत होती, "जाई, डोले उघड गो, डोले उघड." मला आठवते, त्या क्षणी मला माझे सगळे शिक्षण पाठ होते आणि काहीही सुचत नव्हते.

तेवढ्यात चौकटीला टांगलेला रेडिओ बोलला.

"म्हात्रेबाई, मी सुळे. खिंडीत आहे. ऐकू येतंय?"

मी धावले. बटण दाबले आणि बोलायला लागले. उत्तर आले नाही. पुन्हा दाबले. पहिला शब्द तोंडात अडवला, श्वास घेतला, आणि म्हणाले, "सर, बाळंतीण आहे. रक्त थांबत नाहीये. मला डॉक्टर हवेत."

"एक मिनिट. क्रॉसबँड चालू करतो. यापुढे माझा आवाज येणार नाही. थेट पेणला बोला."

आणि खरेच त्यानंतर सर बोलले नाहीत. विलास पेणच्या सरकारी दवाखान्यात औषधविभागात होते, त्यांचा रेडिओ तिथेच असतो. दोन-तीन मिनिटांत त्यांनी डॉक्टरबाईंना आणले. विलासनी बटण दाबून धरले आणि डॉक्टरबाई बोलल्या. डोंगरापलीकडून, इतका पाऊस असताना, त्यांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला.

"सुनंदा, हळू सांग. काय काय दिलंस?"

मी सांगितले. त्या मधे बोलल्या नाहीत. माझे संपल्यावर त्यांनी विचारले, "तिला लघवी कधी झाली?"

 सकाळपासून कळा चालल्या होत्या. कुणी तिला उठवले नव्हते, मी विचारले नव्हते. भरलेली लघवीची पिशवी असेल तर गर्भाशय आकसत नाही, हे मी स्वतः इतरांना शिकवलेले.

"झाली नाहीये, मॅडम."

"नळी घाल. आत्ता. मग पुन्हा चोळ, आणि मला सांग. मी इथेच आहे."

मी नळी घातली. पिशवी रिकामी झाली. हाताखाली गर्भाशय घट्ट झाले, आणि या वेळी घट्टच राहिले. रक्त कमी झाले, मग थेंब थेंब, मग थांबल्यासारखे. मी सांगितले तेव्हा माझा आवाज फुटला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आवाजावरून कळलं मला." मी नंतर खूपदा विचार केला. हे बोलणे मधे कुणी ऐकून पुढे सांगितले असते, तर बहुधा "औषधे दिली, रक्त थांबत नाही" एवढेच पेणला पोहोचले असते. माझे घाबरणे पोहोचले नसते. आणि मी घाबरले आहे हे ओळखले म्हणूनच डॉक्टरबाईंनी इतका साधा प्रश्न आधी विचारला, असे त्यांनीच मला नंतर सांगितले.

साकवाची वाट बंद होती. पेणहून रुग्णवाहिका खिंडीच्या पलीकडच्या पायथ्याशी आणायचे ठरले. तेही त्याच रेडिओवरून. वाडीतल्या सहा जणांनी डोली उचलली, सासूने बाळ पदराखाली घेतले, आणि आम्ही खिंड चढलो.

वर पोहोचले तेव्हा सर एका दगडावर बसले होते. छत्री होती, पण ती रेडिओवर धरलेली. स्वतः डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले, ओठ निळे. सतत बोलून तो इवलासा रेडिओ इतका तापला होता की सरांनी तो रुमालात धरला होता. दोन बॅटऱ्या संपून तिसरी चालली होती. मी वाडीवर जाणार हे त्यांनी आदल्या दिवशीच्या हजेरीत ऐकले होते; अकराची हजेरी चुकली तेव्हा, कुणी न सांगता, शेजाऱ्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून ते रोह्याहून निघाले होते आणि पुढे चालत वर आले होते. खिंडीत तासाभराहून अधिक वेळ त्यांनी आमचे सगळे बोलणे ऐकले होते. एका बाईचा जीव जातो की राहतो हे कानांवर पडत असताना एक शब्दही मधे न घालता, फक्त रेडिओ कोरडा ठेवत बसणे, हे मला जमले नसते.

मी काही म्हणणार, तेवढ्यात सर उठून बाजूला झाले. "आधी तिला पुढे जाऊ द्या," एवढेच म्हणाले.

जाई वाचली. दवाखान्यात रक्त द्यावे लागले, पण आठवड्याने ती आपल्या पायांनी बाहेर आली. नवा साकव झाल्यावर वाडीने सरांना बोलावून शाल आणि नारळ दिला. सरांना बोलायला सांगितले तर ते म्हणाले, "मी त्या दिवशी काही केलं नाही. बोललोसुद्धा नाही." जाईच्या सासूने खालूनच उत्तर दिले, "तुमी वर बसलावत म्हणून आमची पोर हाय. आता गप ऱ्हावा." सगळी वाडी हसली आणि सर खरेच गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "मला एक द्याल? तुमच्यातलं कुणी शिकायला द्या." तिथल्या, नुकत्याच नेमलेल्या आशाताई हिराबाई उभ्या राहिल्या. त्या पहिल्या खेपेला परीक्षेत नापास झाल्या. सर रोह्याहून दर रविवारी करंजवाडीला जात राहिले, आणि दुसऱ्या खेपेला हिराबाई पास झाल्या.

सरांच्या गुडघ्यांनी आता डोंगर चढणे बंद करायला लावले आहे. हे त्यांना अजिबात आवडलेले नाही. सुलभाताईंनी बूट लपवून ठेवल्याचे आम्हाला खात्रीलायकपणे कळले आहे. गेल्या पावसाळ्यात ओढा चढला तेव्हा खिंडीत हिराबाई एकट्या जाऊन बसल्या. खाली मी, पलीकडे विलास. तापाने फणफणलेल्या एका म्हाताऱ्या बाबांसाठी औषध विचारून घेतले, काम झाले. सर रोह्याच्या घरी खुर्चीत बसून सगळे ऐकत होते. शेवटी त्यांचा आवाज आला, "हिराबाई, आवाज स्वच्छ आला." हिराबाईंनी उत्तर द्यायला जरा वेळ घेतला. मला वाटले श्वास घेत असतील. नंतर कळले, रडत होत्या.

सर, पंचाहत्तरीच्या या दिवशी तुमचे आभार मानायचे तर मला कोणता पट्टा लावावा ते कळत नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. तुम्हाला भरपूर पावसाळे निरोगी मिळोत. सुलभाताईंचे ऐका, गुडघ्यांना जपा, चहात साखर कमी घ्या. डोंगर चढायचे काम आता आमच्याकडे. तुम्ही घरी खुर्चीत बसा, रेडिओ चालू ठेवा, आणि आम्ही चुकलो की चांगले खणखणीत रागवा. पुढची पुष्कळ वर्षे आम्ही चुकणार आहोत.

सुनंदा म्हात्रे